झिपरू पाटकऱ्याचा नकार

एका गावात एक पाटकरी होता. त्याचं नाव झिपरू. पाटकरी म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटातून शेताशेतांना पोचवणारा माणूस. कुणाला आधी, कुणाला मागून आणि कुणाला किती, हे सगळं त्याने ठरवायचं. त्या गावात पाटलाचा शब्द एक वेळ मोडला जाई, पण पाटकऱ्याने पाटाचं दार बंद केलं की ते उघडायला कुणी धजत नसे.

झिपरू कामाला चोख होता. पहाटे पाटावर हजर, फुटलेला बांध लगेच लिंपलेला, दाराला चिखल नाही की गवत नाही. खोट होती ती एकच. माणूस इतका भिडस्त की 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून गावात कुणी ऐकलाच नव्हता. एकदा त्याने एकाच दिवशी तीन घरची जेवणाची आमंत्रणं घेतली. कुणाला वाईट वाटू नये म्हणून तिन्ही घरी पोटभर जेवला आणि पुढचे दोन दिवस ओव्याच्या पाण्यावर काढले. एकदा एकच कालवड दोघांना कबूल करून बसला. त्याची बायको रामकोर हिने दोघांनाही एकेक तांब्या तूप देऊन वाटेला लावलं आणि कालवड घरातच ठेवली.

"भीड भिकेची बहीण, हे कुणी तुम्हाले पाहूनच म्हणून ठेवलं असेल," ती म्हणायची.

झिपरू हसायचा. गाव त्याला गोड माणूस म्हणे, आणि ते ऐकलं की त्याला दुसऱ्या कशाची भूक राहत नसे.

त्या गावाची एक जुनी रीत होती. बंधाऱ्याखालची जमीन तीन फडांत वाटलेली होती: वरचा, मधला आणि खालचा. पूर्वजांनी विचार करून प्रत्येक घराला तिन्ही फडांत एकेक तुकडा दिला होता. वाटण्या होता होता तुकडे लहानमोठे झाले, पण एखाद्या फडात तुकडा नाही असं घर नव्हतं. पाऊस भरपूर झाला तर तिन्ही फड भिजवायचे. कमी झाला तर एकच फड भिजवायचा आणि बाकीच्या दोहोंत जमिनीच्या ओलीवर येईल ते ज्याने त्याने घ्यायचं. मग कुणाचा थाट होत नसे, पण उपाशीही कुणी राहत नसे. बंधाऱ्याच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या ते पाहून पाटकऱ्याने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर निर्णय सांगायचा.

त्या साली पाऊस भाद्रपदातच पाठ फिरवून गेला. बारा पायऱ्यांपैकी सात उघड्या पडल्या. झिपरूने त्या दोनदा मोजल्या. एकच फड भिजेल, आणि तोही वरचा, हे त्याला लख्ख दिसत होतं. वरचा फड बंधाऱ्याला लागून. पाणी जेवढं दूर न्यावं तेवढं वाटेत पाटाची मातीच पिऊन टाकते.

दसऱ्याच्या दिवशी लोक सोनं द्यायला झिपरूच्या घरी आले. आपट्याच्या पानाबरोबर प्रत्येकाने हळूच एक विनंतीही त्याच्या हातावर ठेवली.

रामकोरचा भाऊ दगडू म्हणाला, "दाजी, माझा खरा तुकडा मधल्या फडात आहे. यंदा मधल्यात पाणी आणा म्हणजे झालं."

"पाहू की," झिपरू म्हणाला. झिपरूचं 'पाहू की' म्हणजे होकारच, हे दगडूला ठाऊक होतं. तो खूश होऊन गेला.

मग बनाआक्का आली. तिचा नवरा वारलेला, घरात म्हातारी सासू आणि दोन लहान नाती. तिने आडवळण घेतलं नाही.

"झिपरूभाऊ, माझा मोठा तुकडा खालच्या फडात आहे. आज जमिनीत ओल आहे. पाणी येणार नसेल तर मी उद्याच हरभरा टोकते. येणार असेल तर गव्हासाठी थांबते. तू फक्त सांग, काय करू?"

इतका सरळ प्रश्न झिपरूला आजवर कुणी विचारला नव्हता. उत्तर जिभेवर होतं. पण सणाचा दिवस, दारात उभी असलेली बाई आणि तिचं बोट धरून आलेली नात. त्याला त्या दोघींचे चेहरे उतरलेले बघवेनात.

"थांब आक्का. येईल पाणी," तो म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी गाव पारावर जमलं. झिपरू उभा राहिला. समोर दगडू होता, बनाआक्का होती, सगळे ओळखीचे चेहरे होते. शिवाय आणखी एक काटा त्याच्या मनात सलत होता. पाटकी सांभाळायची म्हणून गावाने त्याला जो वाफा दिला होता, तो वरच्याच फडात होता. आता वरचा फड म्हणावं, तर लोक म्हणतील याने आपलंच घर भरलं.

"यंदा तिन्ही फड भिजवू," तो म्हणाला. "थोडं थोडं, पण सगळ्यांना."

गाव आनंदलं. माणूस असावा तर असा, असं जो तो म्हणू लागला. जाणत्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण फुकट मिळणाऱ्या पाण्याला नको म्हणायला त्यांची तरी जीभ कुठे उचलते! एकट्या रामकोरने कपाळावर हात मारून घेतला.

दिवाळीनंतर तिन्ही फडांत गहू पेरला गेला. तो उगवला, वीतभर वाढला आणि तिथेच थबकला. वरच्या फडाला पाणी अपुरं पडे, मधल्याला त्याहून अपुरं आणि खालच्या फडापर्यंत पाण्याची नुसती बातमी जाई. लोक विचारत, "झिपरूभाऊ, पाणी कधी?" झिपरू म्हणे, "उद्या." हे उद्या इतके झाले की गव्हाची पाती टोकाकडून पिवळी पडायला लागली. बंधाऱ्याची आठवी पायरी उघडी पडली, मग नववी.

एका सकाळी झिपरूने पाटाचं दार उघडलं आणि त्या साली प्रथमच तो पाण्याच्या सोबतीने चालत निघाला. पाण्यात त्याने एक वाळकी काडी टाकली. काडी वरच्या फडातून सरसर गेली. मधल्या फडात ती रेंगाळली. मधला फड संपता संपता चिखलात रुतून बसली आणि तिच्यापुढे पाट कोरडा ठणठणीत होता. झिपरू तसाच पुढे गेला.

खालच्या फडाच्या टोकाला बनाआक्का हातात कुदळ घेऊन शेतात पाणी घेणारी चारी साफ करत होती. चारीत गवताची काडी नव्हती. रोज साफ केलेली दिसत होती.

"कशाले इतकी मेहनत करू राहिली, आक्का?" झिपरूने विचारलं.

"तू म्हणतो ना उद्या येईल. आलं आणि कचऱ्यात अडलं तर?"

आक्काने कुदळ खाली ठेवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "दसऱ्याले तू नाही म्हटला असता, तर मले तेव्हा वाईट वाटलं असतं. घटकाभर. पण दुसऱ्या दिवशी मी हरभरा टोकला असता. आज त्याले घाटे धरले असते. तुझ्या एका 'हो'नं माझी ओल गेली, भाऊ."

एवढं बोलून तिने पुन्हा कुदळ उचलली. झिपरू मान खाली घालून परतला. आजवर आपण लोकांना गोड शब्द देतो असं त्याला वाटे. ते शब्द देताना आपण त्यांच्याकडून काय काढून घेतो, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

घरी येऊन तो रामकोरपुढे बसला.

"आज दोन फडांचं पाणी तोडलं तर वरचा फड अजून वाचतो," तो म्हणाला. "गावाले वर्षाची भाकरी निघेल. आणखी आठ दिवस असेच गेले तर तिन्ही जातील. पण वरच्या फडात आपला वाफा आहे. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू द्या," रामकोर म्हणाली. "खोटं असेल ते लोकांचं लोकांपाशी. आपलं जे खरं चुकलं, त्याचं काय करता?"

झिपरू म्हणाला, "आपल्या वाफ्याचे गहू बनाआक्काले द्यावे म्हणतो. तिचा हरभरा मी घालवला. आपल्याले यंदा बरंचसं ज्वारीवर काढावं लागेल. तुझं काय म्हणणं आहे?"

रामकोर त्याच्याकडे पाहतच राहिली. "लग्नाले वीस वर्षं झाली. कुणाले काही देण्याआधी मले विचारलं, असं आजच पाहू राहिले मी," ती म्हणाली. "द्या. जमेल आपल्याले."

त्याच दिवशी झिपरूने गाव पारावर बोलावलं. तो पारावर चढला आणि स्पष्ट आवाजात बोलला.

"आजपासून मधला आणि खालचा फड बंद. पाणी फक्त वरच्या फडाले. हे मी दसऱ्यालेच सांगायले हवं होतं. मले सगळं दिसत होतं, पण तुमची मनं मोडायचा धीर झाला नाही. चूक माझी. बनाआक्काले मी तोंडावर खोटं सांगितलं. माझ्या वाफ्यात येईल तो दाणा न् दाणा तिचा."

पारावर एकच गलका झाला. कुणी त्याला लबाड म्हणालं, कुणी दुतोंड्या. दगडू तर अंगावर धावूनच आला.

"दाजी, जीभ आहे की पायताण?" तो ओरडला. "मले तुम्ही शब्द दिला होता! मधल्यात एक पाणी तरी सोडा. एकच!"

झिपरूने दगडूकडे पाहिलं. बायकोचा सख्खा भाऊ, डोळ्यांत पाणी आलेलं. सगळं गाव कान देऊन उभं. जुना शब्द पुन्हा एकदा त्याच्या ओठांवर आला. पाहू की. त्याने तो गिळला.

"नाही, दगडू," तो म्हणाला. "एक पाणी दिलं तर तुझं पीक वाचणार नाही, आणि वरचं जाईल. माझ्या भरवशावर आता एक दिवससुद्धा थांबू नको."

आयुष्यातलं ते त्याचं पहिलं 'नाही'.

पुढचे दिवस त्याला जड गेले. संक्रांतीला सगळ्या गावाने एकमेकांना तिळगूळ दिला आणि गोड बोलायला सांगितलं, पण झिपरूचा उंबरा फार थोड्यांनी ओलांडला. दगडूने बहिणीच्या घरी येणं सोडलं. रामकोर चुलीपुढे डोळे पुसायची आणि विचारलं तर धूर झाला म्हणायची. झिपरू रोज पाटावर जात होता. आता कुणी "पाणी कधी?" असं विचारलं तर तो दिवस सांगे, आणि सांगितलेल्या दिवशी पाणी येई.

वरच्या फडातला गहू सावरला. फाल्गुनात तो खळ्यावर आला. रास काही डोळ्यांत भरावी अशी नव्हती, पण प्रत्येक घरी काही पायल्या गेल्या. बनाआक्काच्या घरी तिच्या तुकड्याचे आणि झिपरूच्या वाफ्याचे असे दोन्ही गहू पोचले. आपल्या वाफ्याचे झिपरू स्वतः डोक्यावर घेऊन गेला. आक्काने पोतं उतरवून घेतलं आणि त्याला बसायला घोंगडी टाकली.

पाडव्याला वर्षाचा पाटकरी नेमायचा होता. गाव पुन्हा पारावर जमलं. झिपरू कडेला उभा होता. आपली पाटकी गेली, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. कुणी नाव घेईना. मग दगडू उठला. तो आता काय बोलणार म्हणून लोक सावरून बसले.

"भाऊंहो," दगडू म्हणाला, "या माणसावर माझ्याइतकं कुणी चिडलं नसेल. पण त्यानं पारावर नाही म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काय केलं? आशा सोडली. उभा गहू हिरवा होता तोवर कापला आणि वैरण करून ठेवली. यंदा आजूबाजूच्या गावांत चाऱ्यावाचून जनावरं विकली लोकांनी. माझी बैलजोडी दावणीले उभी आहे. याच्या 'हो'नं माझं पीक गेलं. याच्या 'नाही'नं माझे बैल वाचले. मले तर पाटकरी हाच पाहिजे."

मागच्या बाजूने बनाआक्काचा आवाज आला, "मलेही."

तात्पर्य: कुणाचं मन मोडू नये म्हणून दिलेला खोटा होकार त्याची वेळ आणि वाट दोन्ही हिरावून घेतो. विचार करून वेळेवर सांगितलेलं 'नाही' घटकाभर कडू लागतं, पण त्यावर माणसाला पुढचं पाऊल टाकता येतं.