आंब्याचा गेरूचा पट्टा

झाडं अजून मनातलं बोलून दाखवत, तेव्हाची गोष्ट. नगरपालिकेच्या आंब्याला खोडावरच्या गेरू-चुन्याच्या पट्ट्याचा भारी तोरा. पट्ट्याखाली भिरूड किडा खोड पोखरत होता, तरी तो टिपायला आलेल्या सुतारपक्ष्यावर आंबा ओरडायचा, "खबरदार! रंग उडेल माझा."

"रंगच सांभाळ मेल्या, जीव जाऊ दे!" शेजारची चिंच फणकारली.

एकदा बुंध्याशी भुसा पाहून पालिकेचा मुकादम म्हणाला, "आतून पोकळ झालाय. कुऱ्हाडी आणा."

आंब्याची पाचावर धारण बसली. त्यानं सुतारपक्ष्याला हाक मारली, "ये रे बाबा, हवं तिथं टोच!"

पक्ष्यानं रंग फोडून जाडजूड अळ्या ओढल्या. ते पाहून मुकादमानं भोकांत तार घालून पाहिली, तर गाभ्याचं लाकूड अजून शाबूत! उरलेली कीड काढून, भोकं बुजवून माणसं परतली.

"सगळा रंग गेला की रे," चिंच म्हणाली.

"जाऊ दे गं. किती दिवसांनी अंगाला वारा लागतोय!"