पाकोळ्यांची घरटी

खूप जुन्या काळी एका मशिदीच्या कमानींत पुष्कळ पारवे आणि थोड्या पाकोळ्या राहत. सगळ्यांनी मतं देऊन मुनव्वर पारव्याला प्रमुख निवडलं होतं.

एकदा सभेत काही तरणे पारवे म्हणाले, "आपण जास्त आहोत. पाकोळ्यांनी इथून निघावं आणि बायकांनी सभेत बोलू नये."

जुलेखा नावाची पारवी उठली. "मुनव्वरचाचा, माझं मत चाललं, मग बोलणं का नको? आणि पाकोळ्यांच्या पिल्लांना अजून उडता येत नाही. ती मरतील."

मुनव्वर घुटमळला. मग पाकोळ्यांच्या घरट्यांपाशी जाऊन बसला. "मी सगळ्यांचा प्रमुख आहे. कुणी जाणार नाही. जुलेखा, तू बोलत राहा."

तरणे पारवे रुसले, पण आपापल्या जागी परतले.

पिल्लं उडू लागली, तेव्हा एक पाकोळी त्यांना घेऊन आली. "जुलेखाबी, आभार कसे मानू कळत नाही. यांना थोडा वेळ तुमच्याजवळ बसू द्या."