खिळ्यावरचा कप

डोंगराळ भागातल्या एका गावी एकदा एक वृद्ध डॉक्टर छातीच्या विकारांवर उपचार करीत असत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य शिकत होता. हुशार होता, पण निदान करून मोकळे होण्याची त्याला भारी घाई.

या शिष्याकडे एक माळीण औषध घेत होती. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या थुंकीत लाल काड्यांसारखे जंतू दिसले, तेव्हा त्याने लगोलग क्षयाचे उपचार सुरू केले आणि घरच्यांना बजावले की हिला वेगळी ठेवा. घरच्यांनी ते फारच मनावर घेतले. त्यांच्या रोपवाटिकेच्या टोकाला मातीची पोती ठेवायची खोली होती, तिथे तिची खाट गेली. जेवणाचे ताट उंबऱ्यावर येई, नातवंडे लांबूनच हाक मारून पळत. वर्ष उलटले तरी खोकला हटेना. तेव्हा शिष्याने सगळे खापर तिच्यावरच फोडले; गोळ्या चुकवत असणार, असे तो तिला तोंडावर म्हणाला. बिचारी गप्प राहिली. बोलायला माणूसच नसल्याने तिची बोलण्याची सवयच मोडली होती.

गुरूंनी मात्र तिची थुंकी, जंतू वाढवून पाहण्यासाठी, शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवली. तिकडून फोन आला त्या दिवशी ते शिष्याला घेऊन थेट तिच्या खोलीवर गेले.

त्यांना पाहताच माळीण पदर तोंडाला लावून भिंतीशी सरकली. दाराबाहेर खिळ्याला एक कप अडकवला होता, तो फक्त तिचा. सून चहा घेऊन आली, तेव्हा गुरूंनी तो कप मागून घेतला, त्यात चहा ओतला आणि माळिणीच्या खाटेवर तिच्या शेजारी बसून सावकाश पिऊ लागले. सून दारातच थबकली. म्हातारपणी यांचे भान सुटले की काय, असे शिष्याला वाटले.

चहा संपवून गुरू त्याला म्हणाले, "अरे, हा क्षय नव्हे. क्षयाच्या जंतूचा हा भाऊबंद. सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही लाल दिसतात. तू रंग पाहिलास, नाव विचारलं नाहीस. याची लागण सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, हा माती-पाण्यातून येतो. आणि तू हिला नातवंडांपासून तोडून मातीच्या पोत्यांत निजवलंस. हिने गोळ्या चुकवल्या नाहीत. हिला औषधच दुसरं हवं होतं."

असे रोगी आपल्याकडे क्वचितच असतात, असे शिष्य चाचरत म्हणाला.

"क्वचित असतात, की आपण मोजलेच नाहीत? क्षयाचा आकडा सगळे मागतात, याचा कुणी मागत नाही. आपण मोजलं नाही म्हणून आजार थांबत नाही, बाबा. आजारी माणूस तेवढा एकटा पडतो."

शिष्याची मान खाली गेली. औषध लागू न पडलेले कितीतरी चेहरे त्याला आठवू लागले, ज्यांना त्याने अशाच कुठल्या मागच्या खोल्यांत धाडले होते. त्या प्रत्येकाची थुंकी पुन्हा तपासायला पाठवायची, असे त्याने ठरवले. पण आधी त्याने माळिणीची माफी मागितली.

"मी एकही गोळी चुकवली नव्हती, डॉक्टर," ती एवढेच म्हणाली, आणि तिला रडू कोसळले.

सून पुढे आली. खाटेवरचा रिकामा कप तिने उचलला, खिळ्याकडे पाहिलेही नाही, आणि तो घरातल्या कपांबरोबर धुवायला घेऊन गेली.