आकड्यामागची नदी

नदीकाठच्या एका गावात हेमराज नावाचा तरुण राहत होता. गावाला जुना दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून निघालेला पाट साऱ्या शेतांना पाणी देई. पाटाचे दार कधी उघडायचे, हे सुकदेव आप्पा ठरवत. ते गावचे पाटकरी. दाराची किल्ली चाळीस वर्षे त्यांच्याच कमरेला होती.

हेमराजने गावासाठी वेबसाइट बनवली. दार किती वाजता उघडणार, पाळी कोणाची, हे तिच्यावर दिसे. आदल्या संध्याकाळी घरोघरी मेसेजही जाई. पण या वेळा त्याने प्रोग्रामच्या पोटात ठिकठिकाणी लिहून ठेवल्या होत्या. कुठे काय आहे ते त्यालाच ठाऊक. साधी वेळ बदलायची तरी लोक त्याच्याकडे येत, आणि ते त्याला आवडे.

आप्पा एकदा म्हणाले, "बाबा, या वेळा एका जागी ठेव. चारचौघांना दिसू दे."

"आप्पा, तुमचं दार लोखंडाचं. माझं काम डोक्याचं आहे."

"म्हणून तर सांगतो. लोखंड विसरत नाही."

ऊन वाढले. आप्पांनी दार नऊऐवजी सातला उघडायचे ठरवले आणि हेमराजला फोनवर सांगितले. त्याने घाईत वेळ बदलली, पण एकाच ठिकाणी. पाळ्या लावणाऱ्या भागात सात झाले. लोकांना वेळ दाखवणाऱ्या आणि मेसेज पाठवणाऱ्या भागांत नऊच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयजाबाई कोरड्या पाटात उतरून शेळीसाठी गवत कापत होती. तिच्या मते पाण्याला अजून दीड तास होता. पाणी आले ते एकदम कमरेपर्यंत. वाटेने जाणाऱ्या दोघांनी तिला हाताला धरून वर ओढले.

दुपारी चावडीत पंच बसले, गावही जमले. प्रत्येकाच्या फोनवर नऊच होते.

"आप्पा, वय झालं तुमचं," पंचांचे अध्यक्ष म्हणाले. "किल्ली ठेवा."

आप्पांनी कमरेची किल्ली सोडली. "मी हेमराजला सांगितलं, असं वाटतं मला. पण एवढ्या फोनांवर नऊ आहे, म्हणजे माझंच चुकलं असेल."

हेमराज गप्प बसला असता तर कोणाला कधीच कळले नसते. त्याने खिडकीतून पाटाकडे पाहिले. पाट दुथडी भरून चालला होता. त्याने बोटाने दाबलेला तो एवढासा आकडा, आणि त्या आकड्यामागे अख्खी नदी उभी होती.

तो उठला. "आप्पांनी सातच सांगितलं होतं. मी वेळ तीन जागी लिहिली होती आणि एकाच जागी बदलली. किल्ली त्यांची आहे."

बयजाबाईने विचारले, "आणि तुझी किल्ली कुठंय?"

"माझ्या डोक्यात."

"तिथून काढ बाबा. माझा विळा वाहून गेला, आता मी उरलेय."

हेमराजने आठ दिवस खपून सगळ्या वेळा प्रोग्रामातून काढल्या आणि डेटाबेसमधल्या एकाच तक्त्यात ठेवल्या. जुनी वेळ, नवी वेळ, कोणी बदलली, का बदलली, सारे त्यात उमटे. तक्ता गावातल्या कोणालाही वाचता येई. वेळ मात्र आप्पांनीच बदलायची.

पंचांसमोर आप्पांनी फोनवर साताचे साडेसहा केले. त्याच क्षणी चावडीतले सारे फोन वाजले. वेबसाइटवरची वेळ बदलली, पाळ्या सरकल्या. एका ओळीच्या हुकमाने सारे गाव हलले. प्रोग्राम हेमराजनेच लिहिला होता, तरी त्याच्या अंगावर काटा आला.

आप्पा तक्ता वाचत होते. त्यांच्या ओळीच्या वर आधीच भरलेली आणखी एक ओळ होती. नऊचे सात. बदलणारा: हेमराज. कारण: आप्पांनी वेळेवर सांगितले होते, मी अर्धवट बदलले.

आप्पांनी ती ओळ दोनदा वाचली. "ही पुसून टाक रे. झालं गेलं."

"पुसता येत नाही आप्पा," हेमराज म्हणाला. "तशी सोय मी ठेवलेलीच नाही."

तात्पर्य: ज्या गोष्टीवर अनेकांचा जीव अवलंबून असतो, ती एकट्याच्या डोक्यात दडवू नये. ती सर्वांना दिसेल अशा एकाच जागी ठेवावी, आणि तिथे आपली चूकही आपल्याच नावाने लिहावी.