पन्नास वर्षं बंद असलेलं पेव

"देशाला पुढं जायचं असेल, तर आधी मागं जायला नको का, अप्पा?"

अप्पा कंदिलाची काच राखेनं घासत होते. घासत राहिले.

चंद्रहासनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला जरा मोठ्यानं. म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असेल, असा त्याचा आपला समज.

"ऐकलं मी," अप्पा म्हणाले. "मागं म्हणजे कुठवर?"

कृष्णाकाठच्या त्या हळदीच्या गावात अप्पांचा मठ होता. मठ कसला, चार खोल्या, एक लिंबाचं झाड आणि ऐसपैस अंगण. पंचवीस वर्षांपूर्वी चंद्रहास याच अंगणात तीन वर्षं शिकायला राहिला होता. पुढं बाहेर पडला आणि असा बोलायला लागला, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकून उभं राहावं. खोटं कशाला बोला, जिभेवर सरस्वती नाचायची त्याच्या. आज गावोगाव त्याचं नाव होतं. कुंपणापलीकडं चारशे माणसं त्याच्यासाठी खोळंबून बसली होती, दिल्लीपर्यंत पायी जायला निघालेली. त्यांच्या फलकावर एकच ओळ होती: चला, परत जाऊ.

"आजोबांच्या काळापर्यंत," चंद्रहास म्हणाला. "तेव्हा सोन्याचा धूर निघायचा आपल्याकडं."

"धूर निघायचा म्हणजे काहीतरी जळत असणार."

चंद्रहासला ही थट्टा लागली. त्यानं उपरणं सावरलं.

"देश वाट चुकलाय, अप्पा. चुकलेल्या माणसानं जिथं चुकला तिथं परत जावं. तुम्हीच शिकवलंय हे."

"शिकवलं असेल."

"मग आशीर्वाद द्या. आणि पेव उघडायची परवानगी."

अप्पांनी काच उन्हात धरून बघितली. अजून एक डाग होता. पुन्हा राख घेतली...

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम मावेल एवढं आणि आत घागरीसारखं फुगत गेलेलं, दोन पुरुष खोल. मठाच्या अंगणात असं एक पेव होतं. अप्पांच्या गुरूंनी ते हळदीनं भरून, वर शिळा ठेवून, मातीनं लिंपून टाकलं होतं. त्याला पन्नासेक वर्षं झाली. त्यानंतर ते कुणी उघडलं नव्हतं.

चंद्रहासचा बेत साधा होता. ते पेव सगळ्यांसमोर उघडायचं, स्वतः आत उतरायचं आणि आजोबांच्या काळातली हळद स्वतःच्या हातानं वर आणायची. चारशे कपाळांना ती लावायची. मग निघायचं. फोटो काढणारेही आले होते.

"हळद लावली की काम झालं?" अप्पांनी विचारलं.

"माणसाला आठवण लागते, अप्पा. आपण कोण होतो, हे डोळ्यांनी बघू दे त्यांना."

"पी हळद आणि हो गोरी," अप्पा म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. कंदील उचलून ते अंगणात आले.

पेवापाशी सत्तू बसला होता. साठीचा माणूस, मनगटं अजून लोखंडासारखी. गावातली पेवं भरायची आणि रिकामी करायची, हे काम त्याच्या घराण्यात चालत आलेलं. शेजारी त्याचा दोर, शिडी आणि पहार होती.

"सत्तू," अप्पांनी विचारलं, "तुझा चांगला काळ कुठला रे?"

सत्तूनं थोडा विचार केला.

"माझा बा होता तवर, अप्पा."

"आणि ह्याच्या आजोबांचा काळ?"

"तवा आमाला या अंगणात यायला बंदी हुती," सत्तू म्हणाला. आवाजात राग नव्हता. पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं त्यानं. "पेवात तेवढं उतरवायचे."

चंद्रहास खाली बघू लागला. मग कुंपणापलीकडून कुणीतरी त्याच्या नावाचा जयजयकार केला आणि तो पुन्हा ताठ झाला.

"उघड, सत्तू. नऊचा मुहूर्त आहे."

"काल उघडाय पायजे हुतं," सत्तू म्हणाला.

"लोकांसमोरच उघडायचं."

सत्तूनं अप्पांकडं बघितलं. अप्पा लिंबाकडं बघत होते. झाडाखाली यात्रेकरूंची डाळ भिजत घातली होती, चुलाणं रचायचं काम चाललं होतं.

सत्तूनं पहार घातली. माती ढासळली. चौघांनी हात लावला तेव्हा कुठं शिळा सरकली.

आणि वास आला. काय वास होता तो. कोंदट, जड, पण हळदीचाच. चंद्रहासच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. आजी त्याला आंघोळीआधी हळद-तेल लावायची, तो वास. तो पेवाच्या तोंडाशी वाकला. आत अंधार होता, आणि त्याला वाटलं, सगळं इथंच आहे, जसंच्या तसं. कुणी नेलं नाही आणि कुणी बिघडवलं नाही.

"शिडी लाव," तो म्हणाला.

अप्पांनी कंदील पेटवून दोराला बांधला आणि आत सोडला.

दिवा एक हात खाली गेला. दोन हात गेला. ज्योत बारीक झाली. माणसाच्या उंचीएवढा खाली गेला आणि विझला.

"वाऱ्यानं विझला," चंद्रहास म्हणाला.

"पेवात वारा?" सत्तू पुटपुटला.

अप्पांनी दोर ओढला, कंदील पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी तो पुन्हा विझला.

...

"माझा बा असाच उतरला हुता," सत्तू म्हणाला. "वरल्या आळीत. मालकाला घाई हुती. बा वर आला न्हाई म्हणून त्याला काढाय चुलता उतरला. चुलता आला न्हाई म्हणून तिसरा उतरत हुता, त्याला माझ्या आयनं धरलं."

चंद्रहासनं ऐकलं. न ऐकायला तो काही दगड नव्हता. पण कुंपणाला चारशे माणसं चिकटली होती, कॅमेरे वर झाले होते, आणि घोषणा वाढत चालल्या होत्या. आता माघार घेतली तर उद्या काय तोंड दाखवायचं? दिवा विझला म्हणून माणूस थोडाच विझतो. धरू की श्वास. चार घटका नाही, दोन मिनिटांचं तर काम.

साऱ्या देशाला परत चला म्हणणाऱ्या त्या माणसाला स्वतःला चार पावलं परत जाता येईना.

त्यानं शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"थांब," अप्पा म्हणाले. "मी पुढं होतो."

"तुम्ही?"

"इथं जुनं ते सोनं म्हणतोयस ना? मग सगळ्यांत जुना मी आहे. पहिला मान माझा."

आणि ते म्हातारं माणूस पेवाच्या काठावर बसलं. सत्तूला वाटलं थट्टा चाललीय. चंद्रहासलाही तसंच वाटलं. अप्पांनी धोतर खोचलं. चंद्रहासला बाजूला सारून दोन्ही पाय आत सोडले. शिडी चाचपली. एक पायरी उतरले. मग दुसरी. छातीपर्यंत आत गेले...

तिसऱ्या पायरीला चंद्रहासनं त्यांना काखेत हात घालून धरलं.

"अप्पा, दिवा विझलाय."

"कधी?"

"आत्ता. दोनदा."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग मघाशी शिडीवर पाय कुणाचा होता?"

चंद्रहासनं अप्पांना वर ओढलं. म्हाताऱ्याचं वजन ते काय, सुकलेल्या शेंगेएवढं. पण त्याला ते वर आणताना घाम फुटला. काठावर बसवल्यावरही त्यानं हात सोडला नाही.

भीती वाटली होती त्याला. स्वतः उतरताना ती वाटली नव्हती.

"मला धरायला तू होतास," अप्पा म्हणाले. "तू उतरला असतास, तर तुला काढायला कोण उतरलं असतं?"

चंद्रहासनं कुंपणाकडं बघितलं. पुढच्या रांगेत एक मिशी न फुटलेला पोरगा होता, त्याच्या मागं एक निवृत्त मास्तर, त्याच्या मागं दोन सख्खे भाऊ, नाशिकहून त्याच्या शब्दाखातर आलेले. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. यांतला एकही जण थांबला नसता. तो त्यांना ओळखत होता, त्यानंच तर त्यांना तसं घडवलं होतं.

"हळद नासली असेल ना आत?" त्यानं विचारलं. नासली असती तर बरं, असंही त्याला त्या क्षणी वाटून गेलं.

"नाही. चांगली असणार. आमच्या गुरूंनी निवडून भरलेली, मी स्वतः हात लावलाय."

"मग?"

"ज्या हवेत हळद टिकते, त्या हवेत माणूस टिकत नाही. एवढंच."

...

"मग झाकून टाकू?"

"कुणी सांगितलं?" अप्पा धोतर झटकत उठले. "उघडं ठेव. वारा जाऊ दे."

मुहूर्त टळला. चंद्रहासला कुंपणापाशी जाऊन लोकांना सांगावं लागलं. ज्याची भाषणं तीन-तीन तास चालायची, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तीन शब्दांचं भाषण केलं: वारा जाऊ दे. लोकांना ते समजलं नाही. काही जण चिडले. कॅमेरेवाले तासाभरानं निघून गेले. फलक धरणाऱ्याचा हात दुखायला लागला, तेव्हा त्यानं फलक भिंतीला टेकवला आणि तो सावलीत जाऊन बसला.

चंद्रहास पेवापाशीच बसून राहिला. अंगावर ऊन आलं तरी तो हलला नाही. दर थोड्या वेळानं सत्तू कंदील सोडायचा. आधी तो माणसाच्या उंचीवर विझला. मग छातीभर आणखी खाली. मग कधीतरी दुपारी तो तळाला टेकला आणि जळत राहिला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पेवाच्या भिंती बघितल्या.

सत्तू उतरला. चंद्रहासनं दोर धरला होता, आणि सत्तूचं डोकं पुन्हा वर दिसेपर्यंत त्यानं श्वास सोडला नाही.

पाटीत हळकुंडं होती. सत्तूनं एक दगडावर घासलं. रंग जरासा उतरलेला, पण होता. वास तर तोच होता.

चंद्रहासनं ओंजळ भरून घेतली. कुंपणापलीकडची माणसं हळूहळू आत येऊन पेवाभोवती उभी राहिली होती. आता तो म्हणेल ते ती करणार होती, हे त्याला कळत होतं. सकाळी त्याला याचा अभिमान वाटला होता. आता हात जड झाले होते.

"अप्पा," त्यानं विचारलं, "हिचं काय करू?"

अप्पा कंदिलाची काच काढून बसले होते. आत-बाहेर करून ती पुन्हा काळी झाली होती. त्यांनी चिमूटभर राख घेतली.

"डाळ शिजली का बघ," ते म्हणाले. "मग कुटून घाल. चारशे माणसांना मूठभर पुरते."