जेवणाआधी

"पण बाबा, पडलात कसे?"

"वरून खाली," सोमगिरीबाबा म्हणाले.

डॉक्टर उदय रेणापूरकरनं पेन थांबवलं. दत्तटेकडीच्या मठात सरळ प्रश्नाला असंच उत्तर मिळतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तरीही तो दर वेळी सरळच विचारायचा.

"तसं नाही. चक्कर आली होती का?"

"आली आसंल. मी भुईवर पोचायच्या आधी ती येऊन गेली."

बाबा ब्याऐंशी वर्षांचे. ओसरीवरच्या खाटेवर ऊन खात बसले होते. डाव्या कोपराला पट्टी होती. मागच्या गुरुवारी पंगतीत वाढायला आमटीची बादली घेऊन निघाले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच कोसळले. आमटी गेली, कोपर सोलून निघालं, कंबर काळीनिळी झाली. हाड तेवढं वाचलं होतं.

उदय हा शहरातला मधुमेहाचा नावाजलेला डॉक्टर. चार वर्षांपूर्वी बाबांची साखर मोजताना यंत्रानंच हात टेकले होते. उदयनं ती हळूहळू खाली आणली, आणि गेल्या वर्षी गोळी वाढवून पार तरण्याताठ्या माणसाच्या साखरेशी नेऊन बसवली. डॉक्टरांच्या एका परिषदेत त्यानं बाबांचा आलेख पडद्यावर दाखवला होता. टाळ्याही पडल्या होत्या. त्याला याचा फार अभिमान होता, आणि तो लपवायची तसदी तो घेत नसे.

आज तो तीन हुकूम घेऊन आला होता. वाढणं बंद, पायऱ्या बंद, दिवसभर खाट.

का, तेही त्यानं समजावलं. साखरेच्या म्हाताऱ्या रोग्याची हाडं फसवी असतात. तपासणीत ठणठणीत दिसतात आणि आतून ठिसूळ झालेली असतात. त्यात तळपाय बधिर, नजर अधू. एकदा का खुबा मोडला, की माणूस खाटेला खिळतो.

"आन् म्हणून आधीच खाटंवर झोपायचं?"

उदयनं विषय बदलला.

"साखर तर मी खाली आणली ना, बाबा?"

"आणलीस की. लई खाली आणलीस." बाबांनी कोपराच्या पट्टीवर फुंकर घातली. "तिच्यासंगं मलाबी आणलंस."

हे त्याला लागलं. त्यानं जरा तुटकपणेच विचारलं, की गोळी वेळेवर घेता की नाही. बाबांनी उशाच्या पोथीतून त्यानंच लिहून दिलेला कागद काढला. घड्या पडून पडून तो चार जागी विरला होता. 'गोळी एक, जेवणाआधी.' अक्षर त्याचंच, सही त्याचीच.

"एक दिस चुकलो न्हाई. पंगतीची घंटा झाली, की गोळी."

उदयचं समाधान झालं. कागदात खोट नव्हती, रोगी आज्ञाधारक होता. मग पडणं हे वयाचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

"आज गुरुवार हाय," बाबा म्हणाले. "जेवून जा. माझ्यासंगं बस."

त्यानं घड्याळ पाहिलं. अकरा वाजत आले होते. सकाळी घाईत नुसता चहा पिऊन निघालेला. अर्ध्या तासात जेवण होईल, असा त्याचा अंदाज होता. हो म्हणाला.

अंगणातल्या चिंचेखाली चाकांच्या खुर्चीत त्याची आई बसली होती.

शकुंतलाबाई, वय त्र्याहत्तर. यांनाही साखर. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून मनगट मोडलं आणि तपासणीत पाठीची हाडं विरळ झालेली निघाली. तेव्हापासून उदयनं काही म्हणजे काही कमी पडू दिलं नव्हतं. खुर्ची आणली, दिवसभराची बाई ठेवली, घरात पायाखाली रबर अंथरलं. साखर बंद केली, रक्तदाबासाठी मीठही जवळजवळ बंद केलं. आईचे सगळे आकडे उत्तम होते. फक्त ती बोलेनाशी झाली होती.

एके काळी हीच बाई दर गुरुवारी या मठात पंगतीला मीठ वाढायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. पानात पहिलं पडायचं ते तिच्या हातचं मीठ, डाव्या कोपऱ्यात, चिमूटभर. मग बाकीचे पदार्थ.

आज कित्येक महिन्यांनी तिनं तोंड उघडून काही मागितलं होतं. मलाही मठात ने, म्हणाली. खुर्चीतून उठायचं नाही या अटीवर त्यानं आणलं. तिनं अट लगेच मान्य केली. हल्ली ती सगळंच लगेच मान्य करायची, आणि याचं त्याला आत कुठेतरी फार वाईट वाटायचं. पण या वाइटाला कुठली तपासणी लिहून द्यायची, हे त्याला कळत नव्हतं.

घंटा झाली. साठेक माणसं बसली. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी भिंतीकडेला लांब बाकं मांडलेली होती, पुढे उंच फळ्या. मठात या रांगेला गुडघेवाल्यांची पंगत म्हणत.

बाबांनी खाटेवरूनच बादलीकडे बोट केलं. "मला तर तू बसवून ठेवलंस. आता माझी बादली तूच धर."

उदय हसला आणि बाह्या सरसावून उठला.

गंमत आली त्याला. पहिल्या चार पानांत आमटी कमी आणि पानाबाहेर जास्त पडली. गुडघेवाल्यांत त्याचे निम्मे रोगी होतेच. एकानं विचारलं, डॉक्टर, एवढीशीच का, औषध हाय का ही. दुसऱ्यानं आपल्या पानातला शिरा हातानं झाकला. उदयनं तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

पंगत उठली. तो हात पुसत बाबांकडे आला. बाबा जागचे हलले नव्हते.

"दुसरी हाय अजून," ते म्हणाले.

दुसरी झाली.

"गुरुवारी तीन असत्यात."

आता उदयला सपाटून भूक लागली होती. उगाचच राग येत होता. कोणी दुसऱ्यांदा आमटी मागितली तर तो त्याच्यावर खेकसला आणि मग स्वतःच ओशाळला. तिसऱ्या पंगतीसाठी बादली भरून उचलायला गेला, तर हात थरथरायला लागले. कपाळावर घाम. तो तिथंच उंबऱ्यावर बसला. बाबा मागच्या गुरुवारी पडले होते, तोच उंबरा.

बाबा काठी टेकत टेकत आले आणि शेजारी बसले.

"बाबा... तुम्ही जेवता तरी कधी?"

"समदी उठल्यावर. दोन वाजत्यात गुरुवारी. माझे गुरूबी आसंच जेवायचे."

"आणि गोळी?"

"सांगितलं की मगाशी. जेवणाआधी."

"कधी म्हणजे?"

"घंटा झाली की. लोक जेवाया बसायच्या आधी."

उदयनं मनातल्या मनात हिशेब केला. अकराला गोळी, दोनला घास, मधले तीन तास साखर नुसती कोसळत राहणार. आपण गोळी न घेता इथे गळून बसलो, आणि हा म्हातारा माणूस वर्षभर दर गुरुवारी ही वाढवलेली गोळी रिकाम्या पोटी घेऊन तीन पंगती वाढत होता.

"तुम्हाला काही होत नव्हतं?"

"व्हायचं की. घाम फुटायचा, डोळ्यापुढं अंधारी यायची. मला वाटायचं, गुरुवार हाय, दत्तगुरू जवळ आले."

जवळ आलेच होते, उदयच्या मनात आलं.

बाबांनी उजवी मूठ त्याच्यापुढे उघडली. तळव्यावर गोळी होती, घामानं जराशी विरघळलेली.

"आज घेतली न्हाई. पडल्यापासून संशय येत व्हता. म्हणलं, तुझा कागद हाय, तुलाच इचारावं."

"मग तोंडानं का नाही विचारलंत?"

"तोंडानं सांगितलं आसतं, तर तू आलेख काढला आसतास."

उदयनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसू आवरेना आणि लाजही आवरेना. चूक माझी, तो म्हणाला. जेवणाआधी लिहिलं, पण कोणाच्या ते लिहिलंच नाही. बाबा म्हणाले, मीबी कुठं इचारलं.

मग त्यानं तिथंच मांडीवर कागद घेतला. गोळी निम्मी केली. 'बाबांनी स्वतः पहिला घास घ्यायच्या आधी' असं स्पष्ट लिहिलं, आणि गुरुवारी पहिल्या पंगतीलाच जेवायचं, हेही. इथे मात्र बाबा अडले. गुरूंची रीत मोडायची कशी?

"तुमच्या गुरूंना साखर नव्हती," उदय म्हणाला.

बाबा खदखदून हसले. बरं, म्हणाले, गुडघेवाल्यांत बसतो. उदयनं हेही कबूल केलं, की आता साखर थोडी वर राहील, राहू दे. या वयात तेच बरं. आलेख काही इतका देखणा दिसणार नाही.

"टाळ्या पडायच्या न्हाईत."

"नाही पडायच्या."

कोणीतरी त्याच्या हातावर शिऱ्याचा गोळा ठेवला. तो खाल्ल्यावर त्याला नीट दिसायला लागलं, आणि पहिली दिसली ती चिंचेखालची खुर्ची.

रिकामी.

त्याची नजर सैरावैरा अंगणभर धावली.

तिसरी पंगत नुकतीच बसत होती. गुडघेवाल्यांच्या बाकांपुढून, एका हातानं फळीची कड धरत, त्याची आई चालली होती. दुसऱ्या हातात मिठाची वाटी. दर पानापुढे थांबायची, फळीचा हात सोडायची, चिमटीनं डाव्या कोपऱ्यात मीठ टाकायची आणि पुढे सरकायची. एका टोपीवाल्यानं घाई करून भाकरी मोडली, तर तिनं त्याच्या हातावर हलकी चापट मारली. मीठ पडल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही, असं तिनं बजावलं. सगळी रांग हसली. तीही हसली, अगदी मोठ्यानं.

हा आवाज उदयनं दोन वर्षांत ऐकला नव्हता.

तो उठायला गेला, तर बाबांची काठी उंबऱ्यावर आडवी.

"तिला उठू कोणी दिलं?"

"तू वाढत व्हतास तवा तिनं मला इचारलं, मीठ कोण वाढतंय आता. म्हणलं, तू यायची बंद झालीस तवापासनं वाटी मधी ठिवतो, ज्याचं त्यो घेतंय. तिला ते पटलं न्हाई."

"बाबा, ती पडली तर?"

"पडली तर उचलू. तू हायेस, मी हाय, एवढी पंगत हाय..." बाबांनी काठी बाजूला घेतली. "बसली, तर कोण उचलणार?"

वाट मोकळी होती. तरी उदय उठला नाही.

आधी त्याच्यातला डॉक्टर बघत होता. डावं पाऊल जरा घासतंय. चपला बदलायला हव्यात, मागून पट्टा असलेल्या. सोबत कोणीतरी दोन पावलं मागे चालायला हवं. रोज अशीच चालली, उन्हात चालली, तर पायांत बळ येईल, तोल सुधारेल. हे सगळं तो रोज दहा जणांना सांगत होता. घरात मात्र त्यानं खुर्ची आणली होती.

मग डॉक्टर संपला आणि नुसता मुलगा उरला. त्याचे डोळे भरून आले. इतका आनंद त्याला कुठल्याच टाळ्यांनी दिला नव्हता.

तो गेला आणि आईच्या दोन पावलं मागे चालू लागला, हात न लावता. तिनं वळून पाहिलं. रागावेल असं तिला वाटलं असावं. तो तसाच मागे चालत राहिला, तशी ती म्हणाली, नुसता काय फिरतोस, बादली आण, लोकांची पानं कोरडी आहेत.

त्यानं बादली आणली.

दोन वाजता बाबा, उदय आणि शकुंतलाबाई एकाच बाकावर जेवायला बसले. बाबांनी निम्मी गोळी घेतली आणि लगेच घास घेतला, उदयनं तो घशाखाली उतरेपर्यंत पाहिला. शकुंतलाबाईंनी तिघांच्याही पानांत मीठ वाढलं. स्वतःच्या पानात मुलाकडे एकदा बघून, अगदी दोन कण.

निघताना उदयनं आईसाठीही कागद लिहायला घेतला. कॅल्शियम, सकाळचं ऊन, पट्ट्याच्या चपला, रोजचं चालणं, सोबतीला माणूस. खुर्ची गाडीत ठेवा, असं त्यानं कोणाला तरी सांगितलं. आई तिथपर्यंत चालत येणार होती.

बाबा खाटेवर बसून डोकावून कागद बघत होते.

"मीठ लिही तिला."

"बाबा, मीठच तर मी कमी केलंय."

"म्हणून तर. दर गुरुवारी, जेवणाआधी."

उदयनं लिहायला घेतलं आणि मध्येच पेन थांबवलं. एकदा फसलेला माणूस होता तो.

"कोणाच्या जेवणाआधी?"

बाबा शकुंतलाबाईंच्या हाताला धरून खाटेवरून उठले.

"लोकांच्या."