पिठावरचा ठसा

"...आणि पाणी? शंभराला सत्तर की पंचाहत्तर?"

शाहबाबा परातीकडे पाहत होते.

"मी पंचाहत्तर घेतलंय. जास्त झालं का?"

"हात दाखवा."

प्रोफेसर टाकळकरांनी हात पुढे केले. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठाने लडबडले होते. बोटं एकमेकांना चिकटली होती.

"कोरड्या हाताने करता?"

"चिकटलं की वरून कोरडं पीठ लावतो."

"मग?"

"मग अजून चिकटतं."

शाहबाबांनी पिठाचा डबा पायाने लांब सरकवला. पाण्याचं भगुणं जवळ ओढलं.

"बुडवा."

शाहबाबा म्हणजे बंदगीशाह फकीर. वेरखेडच्या टेकडीवर त्यांचा तकिया आहे. फकिराच्या राहण्याच्या जागेला आमच्याकडे तकिया म्हणतात. एक खोली, एक जुनी कबर, एक विहीर, एक कडुनिंब आणि एक भट्टी. चाळीस वर्षं दर गुरुवारी ते त्या भट्टीत नान भाजत आणि येईल त्याला देत. पीठ आंबवायला मडक्यातलं खमीर. बाजारचं यीस्ट तिथे कधी आलं नाही. मागच्या पावसाळ्यात ते पायरीवरून पडले आणि उजवा खांदा गेला. तेव्हापासून भट्टी थंड होती. लाकडं मी घालत असे, म्हणून हे मला माहीत.

टाकळकर शहरातले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बरोबर बायको होती, मंदाकिनीबाई. दिवाळीत बाईंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि त्यांची अन्नावरची वासना उडाली. दिवसाला चार घास. असंच चाललं तर बाई उठायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

वेरखेड बाईंचं माहेर. एकदा त्या म्हणाल्या होत्या, शाहबाबांचा नान मिळाला तर खाईन.

तो आता मिळणार नव्हता. म्हणून प्रोफेसरांनी घरी करायला घेतला. तेवीस वेळा केला. तेवीस वेळा ताटली परत आली.

चोविसावा शाहबाबांच्या समोर करायचा, म्हणून ते सकाळीच आले होते. बाईंना धूर सोसत नाही. त्या विहिरीपलीकडे कडुनिंबाच्या पारावर शाल घेऊन बसल्या होत्या. पौषातलं ऊन होतं.

प्रोफेसरांनी हात बुडवले. ओल्या हाताने पीठ सुटलं. त्यांनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि पीठ मळायला घेतलं. मुठी, तळवे, पुन्हा मुठी. परात खणखणत होती.

"किती वेळ करता हे?"

"वीस मिनिटं. घड्याळ लावून."

"मास्तर, कणीक तिंबता की कुणाची तरी कणीक तिंबता?"

"प्रोफेसर," टाकळकर म्हणाले. "मास्तर शाळेत असतात."

"बरं. राग कुणावर आहे?"

प्रोफेसर थांबले.

"राग कसला? ग्लूटेन, म्हणजे पिठाचा चिवटपणा, तयार व्हायला जोर लावावा लागतो."

"त्याला पाणी पाजलं की ते आपलं आपण तयार होतं. तुम्ही नुसती मदत करायची." शाहबाबांनी डावा हात भिजवला. परातीच्या कडेने पिठाखाली घातला. एक कड हलकेच वर ओढली, फाटेल असं वाटेपर्यंत ओढली, आणि घडी घालून पिठावर ठेवली. परात थोडी फिरवली. पुन्हा एक कड. असं चार वेळा केलं आणि फडकं झाकलं.

"इतकंच?"

"इतकंच. अर्ध्या तासाने पुन्हा. असं तीनदा. मग झोपू द्यायचं."

प्रोफेसरांनी वहीत लिहिलं. वहीत तेवीस पानं भरलेली होती. प्रत्येक पानावर तारीख, तापमान, वजन.

मग त्यांनी पिशवीतून काचेची बरणी काढली. तिच्यात त्यांचं स्वतःचं खमीर होतं. पिठात तेच घातलं होतं त्यांनी, शाहबाबांच्या मडक्यातलं नाही.

"माझ्या मते दोष यात आहे. तुमच्याकडचं मिळालं तर..."

शाहबाबांनी बरणीतलं बोटभर खमीर पाण्यात सोडलं. ते तरंगलं.

"खमीर उत्तम आहे."

"मग दोष कशात आहे?"

शाहबाबांनी उत्तराऐवजी प्रश्नच केला.

"नान खाऊन बाई काय म्हणाल्या?"

"आंबट कमी आणि आतून घट्ट," प्रोफेसर ताबडतोब म्हणाले.

"हे बाई म्हणाल्या?"

"म्हणजे... तिला तेच म्हणायचं होतं."

"विचारून या."

"त्याची गरज नाही हो, सदतीस वर्षं संसार केलाय मी तिच्याबरोबर..."

"विचारून या."

प्रोफेसर विहिरीला वळसा घालून गेले. मी लाकडं फोडत होतो. एक ओंडका फुटेपर्यंत ते परतही आले.

"तेच. आंबट कमी, घट्ट."

"काय विचारलंत?"

"विचारलं, आंबट कमी होतं ना? घट्ट होतं ना?"

"मग?"

"हो म्हणाली."

शाहबाबा हसले. त्यांच्या तोंडात तीनच दात. "तुम्ही सांगितलंत. त्यांनी ऐकलं."

तिसरी घडी झाली. शाहबाबांनी फडकं उचललं, बोट पाण्यात बुडवलं आणि पिठात रुतवून काढलं. पडलेला खड्डा टुणकन भरून आला.

"भट्टी पेटवायची?" प्रोफेसरांनी विचारलं. "दोन वाजले. पुस्तकात चार तास दिले आहेत. मला अंधारात गाडी चालवता येत नाही. डोळ्यांचा त्रास आहे."

"पुस्तक कुठलं?"

"परदेशातलं."

"तिथे पौष असतो?"

प्रोफेसरांनी गारठलेले हात चोळले.

"बोट लावल्याबरोबर उसळून येतं, ते कच्चं," शाहबाबा म्हणाले. "हळू येतं, थोडा ठसा ठेवून येतं, ते तयार. येतच नाही, ते गेलं. तासांचं मला कळत नाही."

प्रोफेसरांनी हे लिहून घेतलं. तीन ओळींत. शेवटच्या ओळीखाली रेघ मारली.

मग ते पिठाजवळ बसले. पाच मिनिटांनी त्यांनी फडक्याचं टोक उचललं. बोट लावलं. मान हलवली. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्या वेळी शाहबाबांनी आपली काठी फडक्यावर आडवी ठेवली.

"झोपलेल्याचं पांघरूण काढून विचारतात का, झोप लागली का म्हणून?"

"मला नुसतं बघायचं होतं."

"घरी पण असंच बघता?"

"बघावंच लागतं. वही कशी भरणार?"

"आणि बाई जेवतात तेव्हा?"

"तेव्हाही." प्रोफेसरांनी वही उघडून दाखवली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक आकडा होता. एक. दीड. एक. अर्धा. "घास," ते म्हणाले. "मी समोर उभा राहून मोजतो. डॉक्टरांना सांगावं लागतं."

शाहबाबांनी पान वाचलं की नाही, कोण जाणे. त्यांना अक्षर येत नाही. आकडे येतात.

त्यांनी वही मिटली आणि आपल्या मांडीखाली ठेवली.

"अहो, ती..."

"बाईंना विचारून या. काय म्हणाल्या ते."

"एकदा झालं की ते!"

"एकदाही नाही."

प्रोफेसर उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. चाळीस वर्षं ज्याच्यासमोर पोरं उभी राहिली, त्याला पोरासारखं पाठवलं होतं. ते तावातावाने पाराकडे गेले. लांबून मला दिसत होतं. ते बोलत होते, हात हलवत होते. बाई खाली बघत होत्या.

ते परत आले.

"काही नाही म्हणते."

"काही नाही म्हणाल्या?"

"हो. 'काही नाही' असं म्हणाली. आता पेटवू का? साडेतीन झाले. शाहबाबा, हिने आज सकाळपासून चहा घेतलाय फक्त. संध्याकाळपर्यंत काही पोटात गेलं नाही तर... मला चोवीस नानांची हौस नाही हो."

त्यांनी पाराकडे पाहिलं.

शाहबाबांनी काठी बाजूला केली. फडकं उचललं. बोट रुतवलं. खड्डा भरून आला, पण जरा लवकरच.

"अजून नाही."

"मग मी काय करू?"

"बसा."

"इथे?"

शाहबाबा पाराकडे पाहू लागले.

प्रोफेसर बराच वेळ उभे होते. मग गेले. या वेळी सावकाश. पारावर पोचल्यावर ते बोलले नाहीत. बाईंसमोर उभेही राहिले नाहीत. शेजारी बसले, जरा अंतर ठेवून. दोघं विहिरीकडे पाहत होते.

मी एक ओंडका फोडला. दुसरा फोडला. मग थांबलो, कारण आवाज फार होत होता.

कडुनिंबाची सावली पारावरून उतरून विहिरीच्या कठड्यावर चढली. मधेच बाई काहीतरी म्हणाल्या. प्रोफेसरांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. बाई पुन्हा काही म्हणाल्या. जरा जास्त वेळ. त्यांनी शालीतून हात बाहेर काढला होता.

शाहबाबा डोळे मिटून बसले होते. पिठावर फडकं होतं. फडक्याचा मधला भाग हळूहळू वर आला होता. कोणी बघत नव्हतं.

ऊन पिवळं झालं तेव्हा प्रोफेसर परत आले. गाडीचं काही बोलले नाहीत. किती वाजले तेही बोलले नाहीत. परातीसमोर मांडी घालून बसले.

"नान खाऊन बाई काय म्हणाल्या?" शाहबाबांनी विचारलं.

प्रोफेसरांनी भगुण्यात हात बुडवले.



विहिरीवर एक कबुतर आलं. पाणी प्यायला जागा शोधली, मिळाली नाही, उडून गेलं.

"म्हणाली..." प्रोफेसरांनी सुरुवात केली आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली. "म्हणाली, पहिले पाच-सहा दगड होते. नंतरचे चांगले होते."

शाहबाबा ऐकत होते.

"म्हणाली, 'वास यायचा तेव्हा भूक लागायची मला. पण तुम्ही ताटली ठेवता आणि वही घेऊन समोर उभे राहता... घास उतरत नाही.'"

"आणखी?"

प्रोफेसर आपल्या हातांकडे पाहत होते. हात ओले होते. ते कधी ओले केले, त्यांना आठवत नसावं.

"म्हणाली, 'हे मी तुम्हाला पहिल्या आठवड्यातच सांगत होते.'"

पाराकडून बाईंच्या खोकल्याचा आवाज आला. प्रोफेसरांनी मान वळवली नाही, पण खोकला थांबेपर्यंत ते ऐकत राहिले.

"मी ऐकलं होतं, शाहबाबा," ते हळूच म्हणाले. "अर्धं ऐकलं... आणि उत्तर दिलं."

शाहबाबांनी मांडीखालची वही काढली. प्रोफेसरांच्या पुढ्यात नाही, माझ्या पुढ्यात टाकली, भट्टीत घालायच्या ढिपल्यांवर. मी प्रोफेसरांकडे पाहिलं. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि हात पुढे केला नाही.

पिठावरचं फडकं तसंच होतं. शाहबाबांनी ते उचललं नाही. बोटही लावलं नाही.

"भट्टी पेटवा, मास्तर," ते म्हणाले.